बारीचं पाणी आणि डाळिंबाची मुळं

नोकरी संपली की लोक काश्मीरला जातात, नाही तर चारधाम करतात. मी शिरूर तालुक्यात डाळिंबाची मुळं बघायला गेले. हसा खुशाल. माझी बहीणसुद्धा हसली असती, पण तिचीच मुलगी फोनवर रडली होती, म्हणून तेवढं राहिलं.

मंजिरी म्हणजे माझी भाची. चिपळूणची पोर, लग्न होऊन भीमेच्या काठच्या वडगाव रासाईला गेली. नवरा सचिन कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो आणि शेती सासरे बघतात. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. आबांच्या रानातला एक तुकडा मंजिरीनं हट्टानं मागून घेतला, त्यात डाळिंब लावलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. यंदा पहिलाच बहर धरायचा होता आणि नेमकी झाडं उभीच्या उभी वाळायला लागली. "आबा म्हणतात, पाडव्यापर्यंत बघतो. मर थांबली नाही तर जेसीबी आणून बाग काढतो आणि ऊस लावतो," असं म्हणून ती जी रडायला लागली, ती थांबेचना.

बहिणीचे गुडघे तिला अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. मग मीच उरले. मी एस.टी.च्या आरक्षणाच्या खिडकीत जन्म काढलेली बाई. लोकांना रांगेत उभं करणं एवढंच मला येतं, झाडातलं काही म्हणजे काही कळत नाही. "तू नुसती तिच्याजवळ जाऊन बस, तोंड उघडू नकोस," बहीण म्हणाली. तिनं मला इतकी वर्षं ओळखून हे म्हणावं याचंच नवल वाटलं.

वडगाव रासाई

थंडी सरत आली होती. कोकणातून गेलेल्या माणसाला तिथलं पहिलं काय खुपतं, तर सपाटी. आमच्याकडे नजर दहा पावलांवर डोंगराला नाही तर फणसाला जाऊन आपटते. इथं ती सुटते ती सुटतेच. ऊस, कांदा, पुन्हा ऊस, मध्येच ज्वारीचा पट्टा आणि सगळ्याखाली काळीभोर जमीन. चहा घेते न घेते तोच मंजिरी मला बागेत घेऊन गेली.

बागेत ठिबक आहे, असं तिनं मला वर्षभर फोनवर अभिमानानं सांगितलं होतं. झाडाच्या ओळीतून काळी नळी जाते आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडतं. तेव्हा मी निर्धास्त पुढे झाले, आणि तिसऱ्या पावलाला माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. दुसरा पाय टेकवला तर तोही गेला. मी एका डाळिंबाच्या फांदीला धरून उभी, डाळिंबाला काटे असतात हे मला तेव्हा कळलं.

"अगं, हे ठिबक आहे की तळं?" मी ओरडले.

"आबांची बारी चालू आहे ना मावशी," मंजिरी म्हणाली. आणि मला हसावं की माझ्याकडे बघून रडावं हे तिला कळेना.

बारी म्हणजे पाण्याची पाळी. नदीवर एकच मोटार आहे, ती आबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, बापूंची, सामाईक. तीन दिवस पाणी आबांचं, तीन दिवस बापूंचं. आपली बारी आली की मोटार सुरू करायची ती लाईट जाईपर्यंत; ठिबक असलं तरी आबा मोठा पाइपही बागेत सोडतात. त्या तीन दिवसांत डाळिंबाच्या मुळ्या बुडतात आणि पुढच्या तीन दिवसांत वरची जमीन तडकते.

मंजिरीनं मला वाळलेली झाडं दाखवली. पहिलं झाड गेलं ते रानाच्या उंचवट्याकडचं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. सगळी एका उताराला. एका मेलेल्या झाडाचा बुंधा तिनं कोयत्यानं चिरला, तर आत काळपट रेघ वरपर्यंत गेलेली.

"ही बुरशी मातीतच असते," ती सांगत होती. "मी मुळं आणि माती तपासून आणली. पाणी साचलं की मुळ्या गुदमरतात, मग ही आत शिरते. आणि तेच पाणी वाहत खालच्या झाडाला गेलं की त्यालाही धरते. औषध ओतलं, पण दुसऱ्या दिवशी बारी आली आणि सगळं धुऊन गेलं."

आमच्या सुपारीलाही पावसाळ्यात बुरशी धरते. पण ती वरून, पावसातून येते, आणि पाऊस कुणाला थांबवता येत नाही. इथं डोक्यावर कोरडं ठणठणीत आभाळ आणि रोग खालून, माणसानं सोडलेल्या पाण्यातून. मला त्याचा फारच राग आला. राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी चिखलावर काढला आणि दुसरी चप्पलही गमावली.

संध्याकाळी पडवीत आले तर दोन्ही चपला धुऊन, पुसून, भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. आबांनी स्वतः जाऊन काढून आणल्या होत्या. माझी भांडायची सगळी तयारी तिथंच निम्मी झाली.

आबा पासष्टीचे असतील. उंच, सडसडीत, बोलणं हळू. त्यांनी माझ्यासाठी शेवटचा कोवळा हुरडा राखून ठेवला होता. आगटीत कणसं भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून ते गरम दाणे माझ्यापुढे ठेवत होते. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. मी मासे खाणारी बाई, पण त्या हुरड्यापुढे सुरमई विसरले हे खोटं सांगणार नाही.

"आबा," मी म्हटलं, "त्या बागेत इतकं पाणी कशाला हो?" बहिणीची ताकीद जेमतेम दोन तास टिकली होती.

"आवं मावशी, थेंबाथेंबानं कुठं तहान भागती व्हय? रानात पाणी चमाकल्याबिगर मला वॉल बंदच करवत न्हाई. ल्हानपनापास्नं दारं धरत आलोय म्या." वॉल म्हणजे पाइपाची चावी, आणि दारं धरणं म्हणजे खोऱ्यानं पाटाचं तोंड फोडून एकेका वाफ्यात पाणी घेणं. "आन् ही बारी आमच्या वडलांनी, अण्णांनी लावून दिल्याली हाय. जाताना म्हनले हुते, मोटार इकू नका, बारी मोडू नका. बारीचं पानी सोडायचं न्हाई आपन."

"आणि बाग गेली तर?"

ते आगटीतला निखारा हलवत राहिले. "पोरीनं लई जीव लावलाय, मला दिसत न्हाई व्हय? पर रोज येक झाड मरताना बघायचं म्हंजी... त्यापरीस येकदाच काढल्याली बरी. उसाला पानी कितीबी चालतंय."

घरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मंजिरी ऐकत होती.

पूल ओलांडून

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्कूटरवर निघालो. भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. वरवंडला शालनताई म्हणून एक बाई आहेत, त्यांची बाग अशीच गेली होती आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली, असं सचिनला कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं. सचिन स्वतः येणार होता, पण त्याची शिफ्ट बदलली. त्याच्या रजेचा हिशोब त्याच्याहून जास्त मंजिरीच ठेवते, त्यामुळे तिनं सरळ स्कूटरची किल्ली उचलली.

वाटेत गुऱ्हाळं लागली. उकळत्या रसाचा वास रस्त्यावर इतका दाट की नुसत्या वासानं पोट भरावं. मी स्कूटर थांबवायला लावली. तिथल्या उत्तरेकडच्या कामगारानं "माताजी, गरम है, सँभालके," म्हणत काकवीचा पेला हातात दिला. मी अर्थातच सांभाळलं नाही. जीभ पोळली आणि वरवंडपर्यंत माझी भाची सुखात होती, कारण मला बोलता येत नव्हतं.

शालनताईंचं घर फुलांच्या मळ्यात आहे. बांधाला झेंडू, आत शेवंती आणि पलीकडे डाळिंब. बाई चाळिशीच्या, पदर खोचलेला, आवाज मैलभर जाईल असा. मंजिरी बिचारी ओळख करून द्यायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच तोडलं.

"वळख ऱ्हाऊ दे, आधी बागंत चल. चेहरा बघूनच कळतंय काय झालंय ते."

त्यांच्या बागेत जमीन उंच करून गादीसारखे लांब वरंबे केले होते, झाडं वर आणि मधल्या चरातून जास्तीचं पाणी वाहून जाणार. ठिबकच्या नळ्या बुंध्याजवळ नव्हत्याच. झाडाच्या दोन्ही अंगांना, फांद्यांची सावली पडते तिथपर्यंत लांब.

"आमचे ड्रिपर अगदी बुंध्याशी आहेत," मंजिरी हळूच म्हणाली.

"समद्यांचेच असत्यात. पाटाचं पानी बुंध्यापाशी यायचं ना, तीच सवय. बुंधा रोज भिजला की कुजनारच की! तोंडात पानी धरून बस बरं दिसभर." शालनताईंनी वाकून ओंजळभर माती काढली आणि लाडू वळतात तशी मुठीत दाबली. "हे बघ. लाडू झाला, पर हात वला झाला न्हाई. बोटानं टिचकी मारली की फुटतोय. ह्याला वापसा म्हनायचं. मुळीला पानी बी पायजे आन् हवा बी पायजे. हाताला पानी लागलं तर त्या दिवशी वॉलला शिवायचं न्हाई."

मग त्यांनी कडेची माती बोटांनी उकरून दाखवली. आत पांढऱ्याशुभ्र, दोऱ्याएवढ्या मुळ्यांचं जाळं. मंजिरी मटकन खाली बसली आणि त्या मुळ्यांकडे बघत राहिली. तिच्या बागेत आम्ही उकरलं होतं तिथं तपकिरी चिखल होता, दुसरं काही नाही.

"माझी पयली बाग आशीच गेली," शालनताई आता हळू बोलत होत्या. "लई रडले. मग आजारी झाडं मुळासकट काढून जाळली, ती जागा उन्हात तापू दिली, शेणखतात चांगली बुरशी मुरवून घातली. व्हय, चांगली बी आसती, वाईटाला खानारी. पर समद्यात म्हत्त्वाचं पानी. रोज थोडं, मापात. तुमचं पानी रोजचं हाय ना?"

"तीन दिवसांची बारी आहे."

शालनताईंनी हातातला मातीचा लाडू खाली ठेवला. "मग पोरी, नळ्या कितीबी सरकव, काय उपेग न्हाई. तीन दिस बुडवायचं, तीन दिस वाळवायचं, त्यात कुठली मुळी जगंल? आधी ती बारी मोड."

येताना मंजिरी स्कूटर हळूहळू चालवत होती. जेवायला त्यांनी गरम बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर लोण्याचा गोळा दिला होता, तोही तिनं कसाबसा खाल्ला. पुलावर आल्यावर म्हणाली, "मावशी, आबा आणि बापू गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मोटार जळाली होती. ती कुणाच्या बारीत जळाली, यावरून."

"मग जळाली कुणाच्या?"

"दोघांच्या मध्ये. बदलताना."

मला हसू आवरेना. तिला मात्र रडू आवरत नव्हतं, म्हणून मीही हसणं थांबवलं.

बापूंच्या घरी चहा

त्या गावात एक रीत मला फार आवडली. भाऊ भावाशी बोलत नसला तरी पाहुणा आला की दोन्ही घरी चहाला जातो. जावा-जावांमध्ये भाजीची वाटीसुद्धा रोज बांधावरून इकडून तिकडे जाते. आमच्याकडे भावकीत वाद झाला की सामाईक दगडी गडग्यावरचा आंबाही तसाच कुजतो. तर दुसऱ्या सकाळी बापूंच्या बायकोचा निरोप आला आणि आम्ही चहाला गेलो.

बापू आबांसारखेच, फक्त जाड आणि हसरे. पण अंगणातल्या कोपऱ्यात उपटलेल्या कांद्याचा ढीग होता आणि त्याचा वास काही खरा नव्हता. मी न विचारता जाऊन एक उचलला. वरून बरा, बूड कुजकं, मुळ्या गळून हातात आल्या.

"ह्याला पण मर?"

"मूळकूज म्हनत्यात. बुरशीच ती. वाफ्यात पानी साचतंय ना."

"मग देता कशाला इतकं पाणी?" खिडकीतला माझा आवाज निघाला. तो एकदा निघाला की माझा राहत नाही.

बापूंनी आत बघितलं, बाहेर बघितलं, मग खाली बसले. "खरं सांगू का मावशी? नकोच आसतंय एवढं. येक दिस दिलं की बास. पर म्या मधीच मोटार बंद केली, तर आबा म्हनंल, ह्याला गरज न्हाई. मग फुडच्या टायमाला दिस कापंल. म्हनून सोडतो आपलं वाफ्या-वाफ्यात. बारी सोडली म्हंजी हक्क सोडला."

बसची जागा हवी असो नसो, आपला नंबर जाऊ नये म्हणून तासभर रांगेत अडून बसलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. पण आपलंच पीक बुडवून नंबर राखणारी दोन सख्खी माणसं पहिल्यांदाच बघत होते. आणि एवढं सगळं का, तर दुसऱ्याला आपली गरज कमी वाटू नये म्हणून.

मी कांदा पदराखाली घेतला. मंजिरी "मावशी, नको," म्हणत मागून धावत आली. मी तशीच आबांच्या पडवीत गेले. ते चहा पीत होते. कांदा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे बापूंचं रान. तुमच्याच रोगानं चाललंय. तुम्ही दिवस कापाल या भीतीनं ते पाणी सोडतात. आता तुम्ही सांगा, तुम्ही कशाच्या भीतीनं सोडता?"

अगदी चुकलंच माझं. पाहुणी बाई, सुनेची मावशी, आणि घरच्या मोठ्या माणसाला असं तोंडावर. आबांनी कपबशी खाली ठेवली. कांदा उचलला, फिरवून बघितला, बुडाशी नख लावलं.

"बापूचा कांदा बी गेला व्हय?" त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "मला कुनी बोललं न्हाई."

ते उठले आणि चपला घालून नदीकडे चालू लागले. आम्ही दोघीही मागून निघालो, बऱ्याच अंतरानं.

मोटारीच्या पेटीजवळ बापू उभे होते. कांदा घेऊन मी आबांकडे गेलेली बघून, आता बारी कापली जाणार या धास्तीनं ते इकडे आले असावेत. त्या दिवशी बारी आबांचीच होती, बारीचा शेवटचा दिवस. पाइपातून पाणी धो धो वाहत होतं आणि ते सगळं मंजिरीच्या बागेकडे जात होतं. आबा वॉलपाशी वाकले. ते कधी मध्येच बंद करत नाहीत, त्यामुळे तो गंजून अडकला होता, फिरेना. बापू काही न बोलता पुढे आले आणि दोघांनी मिळून तो फिरवला. पाणी थांबलं. आमच्या बागेकडचा आवाज बंद झाला तेव्हा मंजिरीनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी पिचली.

"अण्णा रागवतील," बापू म्हणाले.

"रागवू दे. अण्णांच्या टायमाला ऊस हुता निस्ता," आबा म्हणाले. "लाईट येईल तिची निम्मी तुझी, निम्मी माझी. रोजच्या रोज. आन् नको आसंल त्या दिशी नको म्हन. दिस कापनार न्हाई म्या."

"मोटार कुनाच्या बारीत जळाली हुती पर?" बापूंनी विचारलं.

"तुझ्याच," आबा म्हणाले आणि दोघंही हसले.

मी तिथं उभी राहून ढसाढसा रडले, आणि मला त्याची बिलकूल लाज वाटत नाही.

चिपळूण

परत आल्यावर रोज मंजिरीला फोन. आजारी झाडं काढून जाळली. नळ्या बुंध्यापासून दूर सरकवल्या, कामाला सचिन सुट्टीच्या दिवशी आणि आबा रोज. आबांची सवय काही लगेच सुटली नाही. मुठीत मातीचा लाडू करून ते "हाताला वल लागली का गं?" असं सुनेला दोनदा-दोनदा विचारतात, कारण पाणी चमकलेलं दिसत नाही तोवर त्यांच्या जिवाला चैन नसतं. मधल्या दिवसांत आणखी दोन झाडं गेलीच, मातीतली बुरशी एका आठवड्यात सुटत नाही. त्या रात्री मंजिरीचा आवाज पुन्हा खचला होता.

मग पाडवा आला. गुढी उभारून मी पुरणाच्या मागे होते, तर तिचा फोन.

"मावशी, जेसीबी आलाय."

माझ्या हातातली पळी पडली. "काय म्हणतेस? आबा तर रोज मुठीत माती दाबून बघतात ना..."

"व्हिडिओ लावते, बघ."

पडद्यावर पिवळं यंत्र, धूळ, आणि मागे डाळिंबाच्या ओळी. यंत्राचा पंजा खाली आला आणि माती उचलली गेली, पण ती बागेतली नव्हती. दोन भावांच्या रानांमधल्या बांधालगत लांबच लांब चर खणला जात होता, ओढ्यापर्यंत, दोन्हीकडचं साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. चराच्या एका काठावर आबा, दुसऱ्या काठावर बापू, आणि दोघं ड्रायव्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या दिशा दाखवत होते. ड्रायव्हर बिचारा मान डोलावून दोघांनाही "हाँ चाचा, हाँ चाचा" म्हणत होता.

मंजिरी बागेत खाली बसली. तिनं मोबाईल जमिनीजवळ नेला आणि बोटानं माती बाजूला केली. अजून जाळं नव्हतं. दोन-चारच मुळ्या होत्या, बारीक, पण पांढऱ्या.

तेवढ्यात यंत्राचा पंजा वळताना कडेच्या ओळीवरून गेला, आणि मागून आबांचा आवाज आला. हळू बोलणाऱ्या त्या माणसाला मी इतक्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"आरं ए! हळू, हळू! झाडाला लागंल!"